उग्बो आला

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

रोशनचा फोन आजही बंद.

शुक्रवारी संध्याकाळी तो तिकडे नायजेरियात ओनित्शाहून लागोसच्या बसमध्ये बसला, त्याच्या दुकानासाठी इंजिनाचे सुटे भाग आणायला. हे त्याच्या बायकोने, अदाओबीने, आमच्या लेकीला, दीपाला सांगितलं आणि दीपाने मला. शनिवारी सकाळी पोचायला हवा होता. पोचला की पहिला फोन आईला, मग बायकोला, हा त्याचा नेम. लग्न झाल्यावरही तो मोडला नाही म्हणून मी मनातून खूश असायची. आता तो फोन आला नाही तर माझं मनच मला खायला उठलंय.

आमचे देवराव म्हणतात, "बॅटरी उतरली असन. तू उगा जीव टांगनीला लावू नको." दोन दिवस बॅटरी उतरते होय? सायकलच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला मोबाइलचं काय कळतं! पण त्यांनीही आज दुकान लवकर बंद केलं.

मी एसटीत वाहक होते तेव्हा ड्युटी संपली की तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल पूर्ण करायचं, मगच घरी. मे महिन्यात निवृत्त झाले आणि हात रिकामे झाले, म्हणून ही डायरी. यात आजवर भाजीपाला नि शेजारपाजार लिहिला. आजचं लिहिताना हात जड झालाय.

५ नोव्हेंबर, बुधवार

पोलिसात कळवलंय, अदाओबीचे भाऊ शोधतायत, एवढंच दीपा सांगते. दीपा यवतमाळला असते, तिथल्याच लोहाऱ्याच्या एका कंपनीत हिशेब बघते, इंग्रजी तिला येतं. माझं इंग्रजी म्हणजे 'टिकट प्लीज' आणि 'नो चेंज'.

मी ठरवलंय. मी तिथे जाणार. हरवलेला माणूस स्टँडवर सापडतो, हे मला कोणी शिकवायला नको. फुलसावंगीचा एक म्हातारा चुकीच्या गाडीत बसून आमच्या नेरला उतरला होता. नाव सांगता येईना, गाव सांगता येईना. मी दर स्टँडवर विचारत विचारत त्याला घरी पोचवला. विचारायला शब्द लागतात, एवढंच. तिथल्या स्टँडवर झाडणारी बाई, चहा विकणारी बाई इंग्रजी कशी बोलेल? नेरच्या स्टँडवर कोण बोलतं?

म्हणून दीपाकरवी अदाओबीला निरोप दिला की मला तुमची इग्बो भाषा शिकव, पण आधी फक्त गाड्यांची आणि प्रवासाची. बाकी फळं, फुलं, रंग मला नकोत.

तिने लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवला, अर्थ दीपाने सांगितले. जाडसर, थकलेला आवाज. 'उग्बो' म्हणजे वाहन. 'उग्बो म्मिरी', पाण्यावरचं वाहन, म्हणजे होडी. 'उग्बो एलू', आभाळातलं, म्हणजे विमान. आणि 'उग्बो आला', मोटार. आला म्हणजे जमीन, माती.

हे मला एका फटक्यात पाठ झालं. उग्बो आला, गाडी आला! तिकडच्या लोकांना नुसतं व्याकरण येत नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसले, आणि लगेच वाटलं, आपण हसलो कशा.

६ नोव्हेंबर, गुरुवार

तिकडे एसटी स्टँडला मोटर पार्क म्हणतात. मी आपली झोके नि घसरगुंडी डोळ्यांपुढे आणत होते.

सायकलला म्हणतात 'आन्यीन्या इग्वे', लोखंडाचा घोडा. हे देवरावांना सांगितलं तर हातातली ट्यूब टाकून ते म्हणाले, "म्हंजे मी आतापावतो घोड्याले पंक्चर लावून राह्यलो काय?" आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. मी बघितलं नाही असं केलं.

९ नोव्हेंबर, रविवार

उझो म्हणजे रस्ता. आपल्या नातीचं नाव उझोमा. तीन वर्षं मी त्या पोरीला फोनवर उझोमा उझोमा करतेय आणि आज कळलं की त्याचा अर्थ चांगला रस्ता. रोशनने कधी सांगितलं नाही. कदाचित सांगितलंही असेल, मीच ऐकलं नसेल. मला तेव्हा तिचं नाव प्रज्ञा हवं होतं.

निघणाऱ्याला तिथे म्हणतात 'इजे ओमा', प्रवास चांगला होवो. आलेल्याला म्हणतात 'न्नो'. अदाओबीने विचारलं, तुम्ही निघताना काय म्हणता? दीपाला म्हटलं, तिला नीट समजावून सांग. आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत. 'येतो' म्हणतात. गेला म्हणजे संपला. रोशन लहानपणी दप्तर घेऊन "आई, जातो" म्हणाला की मी त्याला उंबऱ्यातून परत बोलवायची आणि "येतो" म्हणायला लावायची, मग शाळेची घंटा होऊन जाईना का. दीपा म्हणाली, अदाओबीला हे ठाऊक आहे. रोशन तिकडेही दुकानाला निघाला की तिला 'येतो' म्हणायचा आणि परतला की दारातून 'आला' असं ओरडायचा. 'आलो' म्हणायचं सोडून! तिच्या भाषेतलाही शब्द, तिला गंमत वाटायची म्हणून.

म्हणायचा, असं दीपा बोलली. मी म्हटलं, "म्हणतो म्हन." 

११ नोव्हेंबर, मंगळवार

दीपा आज न कळवता आली. सुटी टाकून. विचारलं तर म्हणे, "तुह्यी आठवन आली." कंपनीत मार्चपर्यंत मान वर करायला वेळ नाही म्हणणारी पोरगी! बाप-लेक बराच वेळ परसात उभे होते. मी चहा घेऊन गेले तर दोघंही संडासाच्या फुटक्या पत्र्याबद्दल बोलायला लागले. तो पत्रा पाच वर्षांपासून फुटका आहे.

मला वाटतं, त्यांना माझं जाणं रोखायचंय.

अदाओबी आता प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला 'न्दो, मामा' म्हणते; मामा म्हणजे मी, आई. न्दो हा त्यांचा जय भीम असावा. मीही शिष्टाचार सोडत नाही, 'न्दो, अदाओबी' म्हणूनच पुढचं बोलते. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तिने तोच शब्द परत म्हटला, अगदी हळू. माझा उच्चार चुकला असेल.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज क्रियापदं. अदाओबीचा लांबलचक आवाज आला. 'ना-आगा', जात आहे. 'ना-आबिया', येत आहे. आधी 'ना' लागला की काम चालू आहे. आपलं 'करून राह्यलो'सारखं! ना-आगा, जाऊन राह्यला. ना-आबिया, येऊन राह्यला. ही भाषा वऱ्हाडाच्या जवळची आहे, पुणेकरांना जड जाईल.

तेवढ्यात शेजारच्या इंदुताई डबा घेऊन आल्या, म्हणून आवाज मध्येच बंद केला. पिठलं, भाकरी, ठेचा. मी म्हटलं, "अवो, कायले? माह्यी चूल का बंद हाय?" त्या म्हणाल्या, "असंच वो. जास्त झालं होतं." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून निघून गेल्या. इंदुताईंच्या घरी भाकरी जास्त होते, हे मी पहिल्यांदा ऐकलं. वाटीभर साखर परत मागायला येणारी बाई.

तीन घास खाल्ले. देवरावांनी तेवढेही नाहीत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पासपोर्टसाठी फोटो काढला. फोटोत मी चोरासारखी दिसते. दीपाला म्हटलं, पुढचं कर आता. ती म्हणाली, "आई, थोडं थांब." कशासाठी थांबू? माझा मुलगा परक्या मुलखात कुठे पडलाय कोणास ठाऊक, डोक्याला लागून नाव विसरला असेल, दवाखान्यात असेल, आणि ही म्हणते थांब! मी नको नको ते बोलले. भावाची तुला फिकीर नाही म्हणाले. तिने ऐकून घेतलं. उलट बोलली असती तर बरं झालं असतं.

देवराव म्हणाले, "नलू, नको वो बोलू तिले."

एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने मला नावाने हाक मारली नव्हती. 'ऐकलं काय' नाहीतर 'दीपाची आई'. मला एकदम भीती वाटली. का वाटली ते लिहिता येत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

विहारात गेले. बाया बोलत होत्या, मी चप्पल काढली तशा लगबगीने आत जाऊन बसल्या. वंदना झाली. परत येताना कोणी काही विचारलं नाही. रोज विचारतात, काही कळलं का रोशनचं. आज एकीनेही विचारलं नाही.

लोक कंटाळले असतील. दुसऱ्याच्या दुःखाला आठवडाभर पुरतील एवढेच प्रश्न असतात माणसाकडे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज दीपाला मध्ये घेतलं नाही. ती आंघोळीला गेली तेव्हा मी स्वतः अदाओबीला आवाज पाठवला, तिच्या भाषेत. चार दिवस पाठ करत होते. 'न्दो, अदाओबी. केडू एबे रोशन नो?' रोशन कुठे आहे? मोटर पार्कमध्ये विचारायला म्हणून शिकले होते हे वाक्य. पहिल्यांदा तिलाच विचारलं.

 मग तीन शब्द आले. 'मामा, रोशन ना-आला.'

बिचारीने माझ्यासाठी मराठी बोलायचा प्रयत्न केला. रोशन ना आला. नाही आला. परत आलेलाच नाही.

मी फोन पालथा ठेवला. सतरा दिवस झाले. नाही आला. तिच्या तोंडून, तिच्या त्या जड उच्चारात, मोडक्या मराठीत ऐकल्यावर ते खरं झालं. तोवर मला वाटत होतं की हे सगळे काहीतरी लपवतायत आणि तो येऊन कुठेतरी झोपलाय. पोलीस काही करत नाहीत, भाऊ काही करत नाहीत, आणि मी इथे बसून होडीला काय म्हणतात ते पाठ करतेय. काय उपयोग? माझ्या हातात काही नाही. आयुष्यभर लोकांना जागेवर पोचवलं आणि पोटचा एक पोचवता येत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

उठवलं नाही. दिवसभर पडून.

१९ नोव्हेंबर, बुधवार

देवराव समोरच्या खोलीला चुना देतायत. दिवाळीला मी सांगून सांगून थकले तेव्हा दिला नाही. दारासमोरचा जुना कोबा फोडून रस्त्यापर्यंत सपाट केला. दरवाज्याच्या चौकटीची रुंदी टेपने मोजत होते. विचारलं तर म्हणाले, "कपाट आनाचं हाय." कपाट! कोणाला सुचतं या दिवसांत कपाट?

माणसाचं डोकं दुःखाने फिरतं ते असं. त्यांच्यावर रागावले नाही. मलाही कालपासून जगायची इच्छा राहिलेली नाही, तर त्यांनी भिंत रंगवली म्हणून काय.

शब्द पाठ करणं बंद केलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपार

 आज आनंदाने लिहितेय!

सकाळी फोन उघडला आणि अदाओबीचा तो बुधवारचा आवाज, इंदुताई आल्या म्हणून अर्धा सोडलेला, सहज पुढे ऐकला. तिचा आवाज ऐकावासा वाटला, बाकी काही नाही. ना-आगा, जाऊन राह्यला. ना-आबिया, येऊन राह्यला. आणि मग तिसरा. ना-आला.

ना-आला!

म्हणजे घरी जाऊन राह्यला. त्यांच्यात नुसतं जाणं वेगळं आणि आपल्या घरी जाणं वेगळं, त्याला 'ला' हा निराळा शब्द आहे. तिने तो तीनदा म्हणून दाखवलाय, पुढे इंग्रजीत होम होम असंही म्हटलंय. ती मराठी बोललीच नव्हती. तिच्या भाषेत सरळ उत्तर दिलं होतं आणि मी मूर्ख बाई, वाहक म्हणून पंचवीस वर्षं काढलेली, गाडीची पाटीच चुकीची वाचली.

रोशन घरी येऊन राह्यला! कुठून, कसा, माहीत नाही. सापडलाय आणि निघालाय. म्हणून चुना, म्हणून दार, म्हणून दीपाची सुटी. मला आनंदाचा धक्का द्यायचा होता या लबाडांना!

आता जाऊन सांगते त्यांना की मला कळलंय.

२६ नोव्हेंबर, बुधवार

लिहायचं नव्हतं. पण शुक्रवारचं पान असं उघडं टाकता येत नाही.

देवराव रुंद करून बसवलेल्या चौकटीला रंग देत होते. मी जाऊन म्हटलं, "मले समजलं! रोशन घरी येऊन राह्यला. अदाओबीनं सांगतलं." ब्रश त्यांच्या हातातून डब्यात पडला. ते खाली, ओल्या जमिनीवरच बसले. दीपा आतून धावत आली आणि मला धरून रडायला लागली. मी वेडी तिला म्हणते, "रडतं काहून वो पोट्टे, तो येऊन राह्यला ना!"

देवराव म्हणाले, "येऊन राह्यला, नलू. पेटीत येऊन राह्यला."

बस पुलाच्या कठड्याला धडकली होती, त्याच रात्री. ओळख पटायला दहा तारीख उजाडली. तेव्हापासून या दोघांना माहीत होतं, इंदुताईंना माहीत होतं, सगळ्या वस्तीला माहीत होतं. माझं ब्लड प्रेशर, म्हणून तो घरी आणेपर्यंत सांगायचं नाही, असं ठरलं. मी ज्या दिवशी दीपाला भावाची फिकीर नाही म्हटलं, त्या दिवशी ती सकाळपासून भावाला विमानात घालायच्या खटपटीत होती.

अदाओबीने दीपाला शब्द दिला होता की आईला स्वतःहून काही सांगणार नाही. पण मी तिच्या भाषेत विचारलं. तिला खोटं बोलवलं नाही. आणि गेला म्हणणंही शक्य नव्हतं, कारण रोशनने तिला सांगितलेलं, आमच्या घरात गेला म्हणत नाहीत. मग तिने तिच्याजवळचा सर्वांत जपून बोलायचा शब्द वापरला, ना-आला. त्यांच्यात माणसाला त्याच्या बापाच्या अंगणातच माती मिळाली पाहिजे. परक्या ठिकाणी ठेवला तर तो भटकत राहतो. म्हणून तिच्या भावांनी तिथे पुरू दिलं नाही, त्याला त्याच्या घरी पाठवा म्हणाले. ती खरंच बोलली होती.

दीपाला विचारलं, न्दो म्हणजे काय. ती म्हणाली, "दुसऱ्याचं दुखलं का म्हनते, आई. तुह्या दुःखात मी हाय, असं." म्हणजे ती पोर रोज माझं सांत्वन करत होती आणि मी रोज तिचं. न कळता का होईना, सासू म्हणून एक गोष्ट माझ्याकडून वेळेवर झाली.

बाकी काही वाटत नाही. रडूही येत नाही. लोक येऊन बसतात, जातात. मी त्यांच्याकडे बघत असते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

नागपूरहून गाडी निघाली असा फोन आला. अदाओबीला व्हिसा मिळाला नाही. तो एकटाच येतोय.

सकाळी मी स्टँडवर जाऊन बसले. कोणी अडवलं नाही. कापसाच्या गाड्यांमुळे रस्ता तुंबला होता, यवतमाळची गाडी लागली, अमरावतीची सुटली. जुन्या वाहक मुली येऊन पाया पडल्या. एकीने विचारलं, "कोनाची वाट पाहून राह्यल्या, मॅडम?" तिला माहीत नव्हतं. मी म्हटलं, पोराची.

मग ती पांढरी गाडी आली. माझ्यासमोरून, न थांबता गेली. बाहेरून येणाऱ्या गाडीने स्टँडवर थांबलं पाहिजे, माझ्या मनात एवढंच आलं. तिच्या मागे चालत मी घरी गेले. रुंद केलेल्या दारातून त्याला आत घेतला. पेटीवर हात ठेवून मी न्नो म्हटलं. मोटर पार्कमध्ये तो सापडला की म्हणायचं, म्हणून राखून ठेवलेला शब्द होता तो.

२९ नोव्हेंबर, शनिवार

काल त्रिसरण, पंचशील झालं. मग माती दिली. मी मूठ टाकली. काळी आपली, नेरची.

आज अदाओबीने फोन केला. चेहऱ्यावर काही राहिलेलं नाही पोरीच्या. डोकं भादरलंय, त्यांच्यात नवऱ्यासाठी करतात म्हणे. मांडीवर उझोमा, तिला काही माहीत नाही, ती कॅमेऱ्यात बोट घालत होती. दीपा भाषांतराला बसली तर मी तिला उठवलं. 

अदाओबीने एवढंच विचारलं, "मामा, रोशन?"

मी म्हटलं, "आला."

तिला ते मराठीत कळलं, रोज संध्याकाळी दारातून ऐकायची म्हणून. मग एकदम तिच्या स्वतःच्या भाषेतही कळलं. आला म्हणजे माती. तिने पोरीच्या केसांत तोंड लपवलं, आणि मग मलाही रडू आलं.